समिती तक्त्यात का सापडत नाही? : १९५७ च्या मुंबईवरील एका शोधनिबंधाचा ग्रंथालयशोध

प्रकरण

राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. घर डोंबिवलीला, कॉलेज मुंबईत, आठवड्याचे तीन दिवस अर्धवेळ नोकरी. शोधनिबंधासाठी तिने कळवलेला विषय होता ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळ आणि मुंबईचे राजकारण’. मुदत दहा आठवड्यांची. त्यातले तीन आठवडे हाती काही न लागता गेले.

तिने आळस केला नव्हता. ग्रंथालयाच्या ओपॅकवर, म्हणजे संगणकीय तालिकेत, ‘संयुक्त महाराष्ट्र’ टाकून मिळालेली पुस्तके तिने वाचली होती. बरीचशी आठवणींची आणि गौरवाची. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून १९५७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवालही उतरवून घेतला होता. त्यात ‘समिती’, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती, शोधली, तर एकही नोंद नाही. ज्या समितीने मुंबईत काँग्रेसला घाम फोडला असे प्रत्येक पुस्तक सांगते, तिचा अधिकृत आकडेवारीत मागमूस नाही. अहवाल अपुरा असावा असे समजून तिने तो बाजूला ठेवला.

मेख इथेच होती. अहवाल पुरा होता. समिती त्यात ‘समिती’ या नावाने नव्हती, एवढेच.

आधी प्रश्न, मग पुस्तक

संदर्भ विभागात येणारे बहुतेक विद्यार्थी विषय घेऊन येतात. प्रश्न क्वचितच आणतात. विषयाला अंत नसतो, प्रश्नाला असतो. ‘चळवळ आणि राजकारण’ या नावाखाली १९४६ पासून १ मे १९६० पर्यंतचे सगळे येते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल (सप्टेंबर १९५५), २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात झालेली समितीची स्थापना, १ नोव्हेंबर १९५६ चे द्विभाषिक मुंबई राज्य, १९५७ ची निवडणूक, हे सगळे दहा आठवड्यांत पेलणारे नव्हते.

अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर विषयाचा प्रश्न झाला: १९५७ च्या विधानसभा निवडणुकीत दादर आणि गिरणगावातले तीन अशा चार मतदारसंघांत समितीने कोणत्या घटक पक्षाला जागा सोडली, आणि त्या उमेदवारांना मते किती पडली? एवढे ठरताच काय हवे ते आपोआप पुढे आले. मतदारसंघवार आकडे, उमेदवारांची जाहीर झालेली यादी, जागावाटपाच्या बातम्या आणि त्या काळाचे विश्लेषण. चळवळीच्या गौरवग्रंथांना यात शेवटचे स्थान होते, आणि तिने सुरुवात तिथूनच केली होती.

नोंद कोणी केली, कोणत्या नावाने केली

समिती हा पक्ष नव्हता, आघाडी होती. प्रजासमाजवादी पक्ष, कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि इतर काही गट तिच्यात होते. निवडणूक आयोगाने उमेदवार नोंदवले ते त्यांच्या मूळ पक्षाच्या नावाने, नाहीतर अपक्ष म्हणून. त्यामुळे लोकसभेला मुंबई शहर मध्यमधून निवडून आलेले श्रीपाद अमृत डांगे कम्युनिस्ट रकान्यात दिसतात, तर दादरमधून विधानसभेवर गेलेले आचार्य अत्रे अपक्षांत. दोघेही समितीचे, पण तक्ता ते सांगत नाही.

‘अपक्ष’ हा रकाना तर गोणपाटासारखा आहे, काहीही त्यात जाते. समितीने उभा केलेला अपक्ष, काँग्रेसचे तिकीट न मिळाल्याने उभा राहिलेला अपक्ष आणि खरोखरचा अपक्ष, तिघे एकाच शिक्क्याखाली. त्यांना वेगळे करण्याचा एकच मार्ग आहे: त्या आठवड्यांची वृत्तपत्रे. अहवालातले ‘आय.एन.डी.’, म्हणजे अपक्ष, मोजून समितीची ताकद सांगणारा कोणताही लेख संशयाने वाचावा.

दुसरी अडचण पक्षांच्या नावांची. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ची, निवडणूक त्याआधीची, फेब्रुवारी-मार्चमधली. म्हणून फेब्रुवारीच्या अंकांत ‘रिपब्लिकन’ शोधून काही मिळणार नाही. तिथे ‘शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन’, ‘दलित फेडरेशन’ किंवा नुसते ‘शेकाफे’ असते. शेजारच्या ओळीत ‘शेकाप’. एका अक्षराचा फरक, पण पक्ष पूर्ण वेगळा. जुन्या शाईत, झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘प’ आणि ‘फे’ची गल्लत सहज होते, म्हणून टिपण काढताना संक्षेप न लिहिता पक्षाचे पूर्ण नाव लिहायचे असा नियम तिला घालून दिला.

काँग्रेसचेही तसेच. मुंबई शहराची काँग्रेस म्हणजे बॉम्बे प्रदेश काँग्रेस कमिटी. महाराष्ट्र प्रदेशची वेगळी आणि गुजरातची वेगळी. मुंबईच्या उमेदवारीचा पत्रव्यवहार ‘महाराष्ट्र’ नावाच्या फायलीत शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

तिसरी गोष्ट राज्याची. तालिकेत सरकारी प्रकाशनांचा लेखक म्हणजे सरकार. ‘बॉम्बे, प्रेसिडेन्सी’, मग ‘बॉम्बे, प्रॉव्हिन्स’, मग ‘बॉम्बे, स्टेट’ आणि १९६० नंतर ‘महाराष्ट्र’. १९५७ ची विधानसभेतली चर्चा ‘महाराष्ट्र’खाली नसते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवालही लेखक म्हणून ‘इंडिया’ आणि पुढे आयोगाचे नाव असा नोंदलेला असतो. आयोगाचे अध्यक्ष फाजल अली यांचे नाव टाकून तो मिळेलच असे नाही.

आणि लिपी. रोमन अक्षरांत ‘संयुक्त’ कुणी ‘एम’ने लिहिले आहे, कुणी ‘एन’ने, कुणी शेवटी ‘ए’ लावून, कुणी न लावता. चारही रूपे टाकून पाहावी लागतात. देवनागरीत आणखी एक खाच आहे. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत जुने अनुस्वार येतात: ‘मुंबईंतील’, ‘निवडणुकींत’, ‘महाराष्ट्राचें’. तालिकाकाराने मुखपृष्ठावर आहे तसे नाव उतरवले असेल, आणि तसेच उतरवायचे असते, तर आजच्या लेखनाने केलेला शोध कोरा येतो. उपाय साधा: पूर्ण शब्द न टाकता मूळ तेवढे टाकावे. ‘निवडणु’, ‘मुंबई’, ‘महाराष्ट्र’. ज्या ओपॅकला शब्दाचा तुकडा चालत नाही तिथे ताऱ्याचे चिन्ह लावून पाहावे.

इंग्रजी लेखांनाही हाच न्याय लागतो. या विषयावरचा मार्शल विंडमिलर यांचा १९५६ मधला लेख ‘फार ईस्टर्न सर्व्हे’ या नियतकालिकात आहे. त्याच्या शीर्षकात ‘राज्य पुनर्रचना’ आणि ‘बॉम्बे’ हे शब्द आहेत, ‘संयुक्त महाराष्ट्र’ नाही. जेस्टोरवर, म्हणजे जुन्या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात, शीर्षकापुरता शोध घेतला तर हाताशी असलेला लेख निसटतो. शिवाय त्यात ‘पुनर्रचना’चे स्पेलिंग अमेरिकन पद्धतीचे, ‘झेड’चे आहे. आपल्या सरकारी कागदांत ते ‘एस’चे. दोन्ही टाकावीत. (जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खाते काढून मर्यादित लेख वाचता येतात. विद्यापीठाच्या वर्गणीतून गेल्यास ती मर्यादा नडत नाही.)

फडताळापाशी

बहुतेक ग्रंथालये ड्यूई पद्धतीने लावलेली आहेत. राज्यशास्त्र ३२०, निवडणुका आणि पक्ष ३२४, विधिमंडळ ३२८, राज्यघटनेचा कायदा ३४२, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. हे क्रमांक विद्यार्थ्यांना माहीत असतात. माहीत नसते ते असे, की १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीपर्यंत राजकीय पक्षांचा क्रमांक ३२९ होता, तो नंतर ३२४ मध्ये विलीन झाला. ज्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांना नवे क्रमांक दिलेले नाहीत, आणि हजारो पुस्तकांचे क्रमांक बदलणे कुणालाच परवडत नाही, तिथे पन्नास-साठच्या दशकातली पक्षांवरची पुस्तके अजून ३२९ वर उभी आहेत. ३२४ चे कपाट पाहून परत फिरणाऱ्याला ती दिसत नाहीत. तिला प्रजासमाजवादी पक्षाची दोन पुस्तके याच जागी मिळाली. कोलन पद्धतीच्या ग्रंथालयात राज्यशास्त्राचे अक्षर ‘डब्ल्यू’ असते, तिथे हा गुंता नाही.

मराठी विभागात वर्गांकावर फार विसंबू नये. कार्यकर्त्यांची आत्मचरित्रे चरित्र विभागात जातात, आणि कामगार संघटनांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, जाहीरनामे, चार आण्याच्या पुस्तिका बहुतेकदा तालिकेतच नसतात. त्या गठ्ठ्यात बांधून ठेवलेल्या असतात. त्यासाठी काउंटरवर नेमका शब्द वापरून विचारावे लागते: “सत्तावन्नच्या निवडणुकीच्या पुस्तिका किंवा स्मरणिका, तालिकेत न चढलेल्या, आहेत का?” नुसते “चळवळीवर काही आहे का?” विचारले की पुन्हा तीच गौरवाची पुस्तके पुढ्यात येतात.

मुंबईत कुठे जावे, कोणत्या क्रमाने

डोंबिवलीहून रोज येणे शक्य नव्हते, म्हणून लोकलच्या हिशेबाने दिवस बांधले. फोर्टचा एक, दादरचा एक, कालिन्याचा एक.

कालिन्याला विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. तिथला दिवस पहिला ठेवला, कारण पूर्वीचे प्रबंध आणि वर्गणीचे डेटाबेस हे काम आधी उरकायचे होते. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जे प्रबंध आहेत ते घरूनही पाहता येतात. तिला सांगितले ते इतकेच, की प्रबंध मागून पुढे वाच: आधी संदर्भसूची, मग तळटिपा, मग प्रकरण. आपल्या आधी कुणी कोणती वृत्तपत्रे कुठे बसून पाहिली ते सूचीत असते. दोन प्रबंधांच्या सूचींनी तिचा एक आठवडा वाचवला.

फोर्टमध्ये टाउन हॉलच्या आवारात एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय दोन्ही आहेत. मध्यवर्ती ग्रंथालयाचे महत्त्व कायद्यातून येते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना प्रत्येक प्रकाशनाची प्रत मिळण्याचा हक्क दिला त्यांत मुंबईचे हे एक, आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. म्हणजे १९५७ ची वृत्तपत्रे नेमकी या कक्षेत येतात. अर्थात हक्क असणे वेगळे आणि प्रत्येक प्रकाशकाने प्रत पाठवणे वेगळे. तिथून चालत काळा घोड्याला गेले की एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार लागते. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था १८९८ ची, आणि जुन्या मराठी नियतकालिकांसाठी मुंबईत पहिली पायरी तीच. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रंथालय कामगारवस्त्यांच्या पाहण्यांसाठी उपयोगी, पण तिच्या प्रश्नाला ते गौण होते, म्हणून वगळले.

प्रत्येक ठिकाणी लागते ते पत्र. विभागप्रमुखांच्या सहीचे, जावक क्रमांक असलेले, संस्थेच्या शीर्षपत्रावर. त्यात विद्यार्थ्याचे नाव, शोधनिबंधाचे शीर्षक, कोणत्या काळातले कोणते साहित्य पाहायचे आणि किती तारखेपर्यंत, एवढे असावे. ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ असे मोघम पत्र नेले की प्रश्न विचारले जातात आणि सकाळ जाते. एकच पत्र सगळीकडे चालत नाही, कारण मूळ प्रत ठेवून घेतात. ज्याच्या त्याच्या नावाने चार पत्रे एकाच दिवशी करून घ्यावीत. जोडीला ओळखपत्राच्या प्रती, दोन छायाचित्रे आणि शिसपेन्सिल, कारण जुन्या कागदांपाशी शाईचे पेन चालत नाही. निघण्याआधी फोन करून फक्त ‘उघडे आहे का’ एवढेच विचारू नये. ‘सत्तावन्नच्या फायली आज काढून मिळतील का’ हे विचारावे. बांधीव फायली बांधणीला किंवा स्कॅनिंगला गेलेल्या असतात आणि ग्रंथालय मात्र उघडे असते.

फायलीतल्या तीन गोष्टी

वृत्तपत्रे तिने दोनच घेतली: ‘मराठा’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’. ‘मराठा’ अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू केला, म्हणजे समितीचा आवाजच. टाइम्सचा सूर वेगळा. एकाच्या यादीवर दुसऱ्याचा पडताळा हा त्यामागचा हेतू. काळ १ जानेवारी ते ३१ मार्च १९५७, त्यापुढे एक दिवसही नाही. हे बंधन महत्त्वाचे होते. त्याच वर्षी महापालिकेचीही निवडणूक झाली आणि तिथेही समितीची सरशी झाली (१९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते मिरजकर महापौर झाले). तारखेचे कुंपण नसेल तर ‘समितीचा विजय’ हा मथळा कोणत्या निवडणुकीचा हेच कळेनासे होते.

टाइम्सचा जुना संग्रह वर्गणीदार संस्थांत संगणकावर पाहता येतो. तिथे पूर्ण नाव टाकले तर थोड्या बातम्या येतात, कारण उपसंपादक मथळ्यात नुसते ‘समिती’ लिहीत. म्हणून शोध असा: ‘समिती’ अधिक मतदारसंघाचे नाव, अधिक तारखेची मर्यादा.

मराठी फायल मात्र हातानेच चाळायची. पाठीवर ‘जाने.–मार्च ५७’ लिहिले आहे म्हणून सगळे अंक आत आहेत असे धरू नये. तिने बसल्या बसल्या पहिल्यांदा अंक मोजले, तारखांची उभी यादी केली आणि नसलेल्या तारखांपुढे फुली मारली. हे पाऊण तासाचे काम. ते न करणारा माणूस ‘या आठवड्यात बातमी आली नाही’ असे लिहून बसतो, खरे तर अंकच नसतो. कागद इतका वाळलेला होता की पान कोपऱ्याने उचलले की तुकडा हातात. पान वरच्या कडेच्या मध्याखाली तळहात सरकवून उलटायचे, आणि आतल्या शिवणीत गेलेला स्तंभ वाचण्यासाठी फायल दाबायची नाही, मान वाकवायची. छायाचित्राची परवानगी असेल तेव्हा प्रत्येक फोटोत कडेला एक चिठ्ठी: वृत्तपत्र, तारीख, पान, स्तंभ, ग्रंथालय, दाखल क्रमांक. रात्री घरी फोनमधल्या दोनशे सारख्याच पिवळ्या पानांतून कोणते कोणत्या दिवसाचे हे सांगणारी तीच एक खूण उरते.

मग तक्ता बनला. आयोगाच्या अहवालातले उमेदवाराचे नाव, तिथला पक्ष, ‘मराठा’तले नाव, तिथला पक्ष, समितीचा अधिकृत की नाही, पुरावा कोणत्या तारखेचा कोणत्या पानावरचा. सहा रकाने. नावांचा मेळ घालायला वेळ लागला, कारण अहवालात रोमन आद्याक्षरे आणि वृत्तपत्रात ‘कॉ.’ किंवा ‘भाई’ लावून आडनाव. एका आडनावाचे दोन उमेदवार असतील तिथे मतांचा आकडा हीच ओळख, कारण निकालाच्या दिवशी दोन्हीकडे आकडा छापलेला असतो. मतदानाआधी छापलेल्या यादीवर थांबू नये. माघारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत नावे बदलतात.

टक्केवारीचा सापळा

१९५७ च्या मुंबई विधानसभेत ३९६ जागा होत्या, पण मतदारसंघ ३३९. त्यांतले ५७ द्विसदस्यीय: एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागा, मतदाराला दोन मते, दोन्ही एकालाच देता येत नाहीत. लोकसभेचा मुंबई शहर मध्यही असाच होता. डांग्यांबरोबर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने तिथूनच निवडून आले. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली, आणि आजच्या विद्यार्थ्याला ती ठाऊकही नसते.

कल्पित आकडे घेऊन पाहू. मतदार एक लाख, मतदानाला आले साठ हजार. प्रत्येकाने दोन्ही मते दिली तर वैध मते १,२०,०००. वैध मतांना मतदारसंख्येने भागले तर मतदान १२० टक्के निघते. हे चूक म्हणून चटकन लक्षात तरी येते. खरा धोका पुढे आहे. एका उमेदवाराला ५०,००० मते पडली. वैध मतांशी प्रमाण ४१.७ टक्के, पण आलेल्या मतदारांशी ८३.३ टक्के. पहिला आकडा शेजारच्या एकसदस्यीय मतदारसंघातल्या ४१.७ टक्क्यांशेजारी ठेवला की तुलना साफ खोटी, आणि तक्त्यात ती अगदी नीट दिसते. सगळ्यांनी दोन्ही मते दिलेली नसतात, त्यामुळे वैध मते निम्मी करून भागले तर मतदानाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच येतो. तिला सल्ला असा दिला, की द्विसदस्यीय मतदारसंघाची टक्केवारी एकसदस्यीयांत मिसळू नये, वेगळ्या तक्त्यात द्यावी आणि छेद कोणता घेतला ते तक्त्याखालीच लिहावे.

१९५२ शी तुलना करायचा मोहही तिला झाला होता. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९५७ मध्ये वाढली, मतदारसंघांच्या सीमा मधल्या काळात नव्याने आखल्या गेल्या. नाव तेच असले तरी क्षेत्र तेच असेल असे नाही. सीमा तपासल्याशिवाय तुलना नको, आणि तपासायला वेळ नव्हता. ती तुलना वगळली.

सोडून दिलेल्या वाटा

पुराभिलेखागारातल्या गृह विभागाच्या फायलींवर तिची मोठी भिस्त होती. तिथली रीत अशी, की आधी परवानगीचा अर्ज, मग विभागवार याद्या पाहून विभाग, वर्ष आणि फायल क्रमांक लिहून मागणीपत्र. ‘चळवळीच्या फायली’ अशी मागणी होत नाही. नाजूक फायल नाकारली जाऊ शकते. पन्नासच्या दशकातल्या राजकीय फायली संशोधकाला मिळतील हे गृहीत धरून दहा आठवड्यांचा निबंध उभा करणे धोक्याचे, म्हणून तिने एकच दिवस याद्या पाहिल्या, क्रमांक टिपून घेतले आणि पुढच्या कामासाठी ठेवले. काँग्रेसच्या बाजूचा पत्रव्यवहार, म्हणजे अखिल भारतीय काँग्रेस कमिटीचे कागद, दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत. तेही या वेळी नाही.

विधानसभेतल्या चर्चांच्या स्कॅन केलेल्या प्रती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, लोकसभेच्या संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. इथे एक सावधगिरी: छापील चर्चेत मराठी भाषण मराठीतच असते, त्यामुळे इंग्रजी शब्दाने केलेला शोध ती पाने गाठत नाही. खंडाची निर्देशसूची उघडून सदस्याच्या नावाने जावे. ‘इकॉनॉमिक वीकली’चे १९५७ चे अंकही तिने पाहिले. हे मुंबईतूनच निघणारे साप्ताहिक, आजच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे पूर्वरूप, आणि निवडणुकीवरचे तेव्हाचे जाणते लेखन त्यात आहे.

तिच्या पहिल्या संदर्भयादीत चॅटबॉटने सुचवलेले काही लेखही होते. प्रत्येक लेख त्या नियतकालिकाच्या त्या खंडाच्या अनुक्रमणिकेत शोधला. दोन लेख तिथे नव्हतेच: नियतकालिक खरे, वर्ष खरे, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. ते काढले. अनुक्रमणिकेत डोळ्यांनी न पाहिलेला लेख यादीत घेऊ नये, मग तो कुणीही सुचवलेला असो.

कुठवर आले

नवव्या आठवड्यात चारही मतदारसंघांचा तक्ता पुरा झाला. एका उमेदवाराबाबत दोन वृत्तपत्रे जुळली नाहीत. ‘मराठा’ त्याला समितीचा म्हणतो, टाइम्स नुसता अपक्ष. तिने तो ‘अनिश्चित’ म्हणून वेगळा दाखवला आणि तो धरून व वगळून असे दोन्ही बेरजांचे आकडे दिले. फायलीत नसलेल्या अंकांच्या तारखाही परिशिष्टात छापल्या, कारण त्याच दिवसांत माघारीची मुदत पडत होती आणि तो उमेदवार कोणाचा हे बहुधा त्याच अंकांत आहे.